एकच टाकी: किंग्ज कॉलेज लंडनचं सर्व्हर प्रकरण

१७ ऑक्टोबर २०१६, सोमवार. लंडनच्या किंग्ज कॉलेजात सत्र सुरू होऊन काही आठवडेच झाले होते. विद्यापीठाच्या मध्यवर्ती स्टोरेजमधला, म्हणजे सगळ्यांचा डेटा साठवणाऱ्या यंत्रातला, एक कंट्रोलर (डिस्कांचं नियंत्रण करणारा भाग) बिघडला. कंट्रोलर बिघडणं ही बातमी नव्हे. अशा यंत्रात चार कंट्रोलर असतात ते याचसाठी. एक गेला की बाकीचे भार उचलतात, कंपनीचा माणूस येतो, जुना भाग काढतो, नवा बसवतो, चहा पितो आणि कागदावर सही घेऊन जातो. विभागांमधल्या लोकांना यातलं काही कळतसुद्धा नाही.

इथे नवा भाग बसवला आणि सगळं स्टोरेजच बसलं.

पंचवीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या त्या विद्यापीठात मग एकामागून एक गोष्टी बंद पडत गेल्या. विद्यार्थ्यांच्या नोंदी, प्रशासनाच्या प्रणाली, आणि विभाग ज्यावर रोजचं काम करत होते ते सामायिक ड्राइव्ह. काही सेवा काही दिवसांत परत आल्या, काहींना आठवडे लागले. सामायिक ड्राइव्हवरचा काही डेटा कधीच परत आला नाही. विद्यापीठाने पीए कन्सल्टिंग या बाहेरच्या सल्लागार संस्थेकडून चौकशी करून घेतली आणि २०१७ च्या सुरुवातीला तिचे निष्कर्ष उघड झाले. आपली चूक चारचौघांत मांडायची ही हिंमत मला अजूनही विशेष वाटते. आपल्याकडे असं काही झालं तर ‘तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित’ एवढी एक ओळ नोटीस बोर्डावर लागते आणि प्रकरण मिटतं.

मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात विभागांचे व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे एका मोठ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे सर्व्हर, सांभाळतो. किंग्जचं प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं ते हार्डवेअरच्या कुतूहलापोटी. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की यात हार्डवेअरची गोष्ट पाव भागच आहे.

टेबलाखालचा सर्व्हर ते चाळ

आधी विभागांना व्हर्च्युअल सर्व्हर का द्यायचे, ते पाहू. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुठल्याही विद्यापीठात फेरफटका मारला असता तर प्रत्येक विभागात टेबलाखाली किंवा कपाटाशेजारी एक सर्व्हर घरघरताना दिसला असता. तो एखाद्या प्रकल्पाच्या पैशातून आलेला असे. प्रकल्प संपला, तो बसवणारा पीएचडीचा विद्यार्थी नोकरीला लागून निघून गेला, पासवर्ड एका वहीत राहिला आणि वही कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. सर्व्हर मात्र चालू. वर्षातले बहुतेक तास तो रिकामाच फिरे, आणि निकालाच्या दिवशी किंवा प्रवेशाच्या आठवड्यात धापा टाके.

व्हर्च्युअलायझेशनने हे चित्र बदललं. चार-सहा दणकट यंत्रं मध्यवर्ती खोलीत ठेवायची, त्यांवर हायपरव्हायजर (एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायचा, आणि विभागाने अर्ज केला की दोन कोर, आठ जीबी रॅम, शंभर जीबी डिस्क असा एक व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर) अर्ध्या तासात हातात द्यायचा. सांख्यिकी विभागाला आर ही आकडेमोडीची भाषा चालवायला, ग्रंथालयाला कोहा हे पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर चालवायला, परीक्षा विभागाला फॉर्म भरून घ्यायला. प्रत्येकाला वाटतं सर्व्हर आपला स्वतःचा आहे. वीज, एसी, यूपीएस, रात्रीबेरात्रीची धावपळ, सगळं केंद्राकडे.

मी नव्या माणसाला हे चाळीच्या उदाहरणाने समजावतो. प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी, कुलूप वेगळं, आत कोण काय शिजवतं ते शेजाऱ्याला दिसत नाही. पण गच्चीवर पाण्याची टाकी एकच. व्हीएमची डिस्क ज्या होस्टवर (मध्यवर्ती खोलीतल्या यंत्रावर) तो चालतो त्या होस्टमध्ये नसते. ती असते सगळ्यांच्या सामायिक स्टोरेजवर. म्हणूनच एखादा होस्ट बंद पडला तर त्यावरचे व्हीएम दोन-चार मिनिटांत दुसऱ्या होस्टवर उभे राहतात. सामान हलवावंच लागत नाही, कारण सामान खोलीत नव्हतंच. या सोयीवरच सगळी व्यवस्था उभी आहे. आणि याच सोयीमुळे टाकीला तडा गेला तर कुणाचं कुलूप किती मजबूत होतं याला काही अर्थ उरत नाही.

टेबलाखालच्या सर्व्हरच्या काळात भौतिकशास्त्राची डिस्क गेली तर इतिहास विभागाचं काम थांबत नसे. गैरव्यवस्थेतही ही एक सुरक्षितता होती, आणि ती आपण मोडीत काढली आहे याची नोंद मध्यवर्ती सेवेच्या कुठल्याही प्रस्तावात नसते.

टाकी कशी होती

किंग्जचं स्टोरेज एचपीचं थ्रीपार होतं. हे काही स्वस्तातलं यंत्र नव्हे. थ्रीपार ही कंपनी विकत घेण्यासाठी २०१० मध्ये डेल आणि एचपी यांच्यात चढाओढ लागली, बोली वाढत वाढत गेली आणि शेवटी एचपीने सुमारे २.३५ अब्ज डॉलर मोजले. या मालिकेतल्या चार कंट्रोलरच्या यंत्रांसाठी एचपी पुढे ९९.९९९९ टक्के उपलब्धतेची हमी देऊ लागली. सहा वेळा नऊ. हिशोब केला तर वर्षाला बंद राहण्याची मुभा सुमारे साडेएकतीस सेकंद. विद्यापीठाच्या खरेदी समितीपुढे असा आकडा ठेवला की पुढचे प्रश्न आपोआप बंद होतात, हा माझा अनुभव आहे.

अशी यंत्रं डेटा कसा ठेवतात ते थोडं सांगायला हवं, कारण ‘डिस्क तर शाबूत होत्या ना, मग डेटा काढता का आला नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. थ्रीपार प्रत्येक डिस्कचे लहान लहान तुकडे पाडतं. नव्या मॉडेलांत एकेक तुकडा एक जीबीचा. एका विभागाचा शंभर जीबीचा ड्राइव्ह म्हणजे सलग जागा नव्हेच, तो अनेक डिस्कांवर विखुरलेले तुकडे असतो. त्यामुळे वेग मिळतो, एखादी डिस्क गेली तर तिचे तुकडे बाकीच्यांवर पटकन पुन्हा बांधता येतात. पण कुठला तुकडा कुणाचा आणि कोणत्या क्रमाचा, हा नकाशा यंत्राच्या पोटात असतो. नकाशा बिघडला की डिस्कांवर उरतात ती पानं फाडून एकत्र पिसलेली हजार पुस्तकं. एकही पान जळलेलं नाही, तरी एकही पुस्तक वाचता येत नाही.

चौकशीत निघालं ते असं: बदललेला भाग बसल्यावर यंत्राने स्वतःला सावरायला हवं होतं, ते सावरलं नाही. कारण त्यावर चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता. तो दोष दुरुस्त करणारी पुढची आवृत्ती कंपनीने आधीच काढली होती. किंग्जच्या यंत्रावर ती चढवलेली नव्हती.

इथे बाहेरचा माणूस पटकन म्हणतो, निष्काळजीपणा. मी तसं म्हणणार नाही. स्टोरेजचं फर्मवेअर बदलणं म्हणजे भरल्या घरात पाया दुरुस्त करणं. कंपनी सांगते की काम चालू असताना करता येतं. कंपनी हेही सांगत असते की सहा वेळा नऊ. विद्यापीठात त्यासाठी मुहूर्त शोधायला बसलं की दिसतं: जूनमध्ये प्रवेश, ऑगस्टमध्ये फेरतपासणी, ऑक्टोबरमध्ये परीक्षा, दिवाळीत माणूस गावाला, जानेवारीत समितीची भेट. व्यवस्थित चालणाऱ्या यंत्राला हात लावायचा आणि बिघडलं तर शिव्या खायच्या, न लावला तर कुणी विचारणार नाही. लांबणीवर टाकणाऱ्याला त्या त्या दिवशी शहाणपणच वाटत असतं. मी स्वतः एक फर्मवेअर अकरा महिने टाळलेलं आहे. वाचलो ते नशिबाने.

दुसरी किल्ली घरातच

हार्डवेअर गेलं, इथवर गोष्ट साधी होती. महागडं, हमीचं यंत्रसुद्धा जातं. त्यासाठीच तर बॅकअप असतो. किंग्जचं खरं प्रकरण इथून पुढे सुरू होतं.

बॅकअप होता. एक नाही, अनेक पातळ्यांवर होता. पण पहिल्या पातळीच्या प्रती त्याच स्टोरेजवर होत्या. म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं तसं. एरवी ही सोय चांगली असते. कुणी चुकून फाइल पुसली की तिथल्या तिथे कालची प्रत मिळते, आणि शंभरातल्या नव्वद तक्रारी याच प्रकारच्या असतात. त्यामुळे बॅकअप ‘चालतो’ असा विश्वास रोज पक्का होत जातो. प्राध्यापक फोन करतात, आपण दहा मिनिटांत फाइल परत देतो, ते आभार मानतात. ज्या दिवशी यंत्रच जातं त्या दिवशीसाठी या प्रतींचा काडीचा उपयोग नाही, हे त्या आभारांच्या ओघात विसरायला होतं.

खरा आधार होता टेपचा. आजच्या काळात टेप हा शब्द ऐकून तरुण सहकारी हसतात, पण यंत्रापासून वेगळी काढून कपाटात ठेवलेली टेप ना फर्मवेअरच्या दोषाने जाते ना खंडणीखोर व्हायरसने. मात्र टेपला वेळ लागतो, जागा लागते, माणूस लागतो. चौकशीत दिसलं की टेपवर सगळं जातच नव्हतं. टेप यंत्रणेची क्षमता अपुरी पडत होती, काही संच टेपपर्यंत पूर्ण पोहोचत नव्हते. आणि अहवालातला मला सर्वांत जिव्हारी लागलेला मुद्दा असा, की तांत्रिक चमूला एकूण बॅकअप व्यवस्थेत टेपचं महत्त्व नेमकं किती आहे हेच पुरतं उमगलेलं नव्हतं, आणि ठरलेली कार्यपद्धती पूर्णपणे पाळली जात नव्हती.

हे वाचून मला कुणा आळशी माणसाचं चित्र दिसत नाही. मला दिसते एक रोजची ईमेल: ‘बॅकअप पूर्ण, ३ इशारे.’ पहिल्या दिवशी ते तीन इशारे कुणीतरी उघडून वाचले असतील. जागा कमी पडते आहे, अमुक संच वगळला. वरिष्ठांना सांगितलं असेल, वरिष्ठ म्हणाले असतील नव्या अंदाजपत्रकात बघू. महिन्याभराने ते इशारे भिंतीवरच्या डागासारखे होतात, असतात पण दिसत नाहीत. किंग्जमध्ये नेमकं असंच झालं असा माझा दावा नाही. माझ्या इनबॉक्समध्ये मात्र असंच होतं.

ड्राइव्हवर काय होतं, कुणाला ठाऊक होतं?

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मोठ्या प्रणाली परत आल्या, कारण त्या ‘महत्त्वाच्या’ यादीत होत्या. विद्यार्थ्यांच्या नोंदी, पगार, वित्त. त्यांच्यामागे एकेक अधिकारी असतो, त्यांचे करार असतात, त्यांची नावं संचालकांना पाठ असतात. कायमचं गेलं ते सामायिक ड्राइव्हवरचं. आयटी विभागाच्या लेखी तो होता फाइल ठेवायचा ड्राइव्ह, कार्यालयीन कागदपत्रांसाठी. विभागांच्या लेखी तो होता सगळंच. संशोधनाचा कच्चा डेटा, अर्धवट प्रबंध, वर्षानुवर्षांच्या अभ्याससामग्रीची कपाटं. लोक हा ड्राइव्ह कशाकशासाठी वापरत होते याची आयटीला पुरेशी कल्पना नव्हती, असं चौकशीतही आलं.

विभागांना वाटत होतं, विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवलं म्हणजे ते सुरक्षित. स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवू नका, मध्यवर्ती जागेत ठेवा, असं आपणच त्यांना बजावत आलेलो असतो. केंद्राला वाटत होतं, ज्यांच्यासाठी ते प्राणाहून प्रिय आहे ते तसं सांगतील. दोघंही एकमेकांवर विसंबून होते आणि मधल्या जागेत डेटा होता.

व्हर्च्युअल होस्टिंगमध्ये हे अंतर आणखी वाढतं, असं माझं मत आहे. टेबलाखाली सर्व्हर होता तेव्हा विभागातला कुणीतरी त्याच्या घरघरीने तरी अस्वस्थ व्हायचा. डिस्क करकरायला लागली की कुणीतरी म्हणायचं, अरे याची प्रत काढून ठेवा. व्हीएम करकरत नाही. तो दिसत नाही, तापत नाही, त्याच्यावर धूळ बसत नाही. विभागाला तो वीज-पाण्यासारखा वाटू लागतो, आणि केंद्राला तो यादीतली एक ओळ. मध्यवर्ती केंद्राने यंत्राची जबाबदारी घेतली, पण यंत्रावर काय आहे आणि ते गेलं तर कुणाचं काय जाईल हे ज्ञान विभागातच राहिलं. ते अर्जात कुठल्याच रकान्यात मागितलेलं नसतं. आमच्या अर्जात कोर किती, रॅम किती, सार्वजनिक आयपी हवा का, हे विचारलेलं होतं. ‘हा सर्व्हर उद्या नाहीसा झाला तर?’ असा रकाना नव्हता.

थोडं विषयांतर करतो. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात महासंगणकाच्या साठवणुकीतून सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइली, चौदा संशोधन गटांच्या. तिथे तर यंत्र बिघडलंच नाही. पुरवठादार कंपनीने बॅकअपची स्क्रिप्ट (आज्ञांची यादी) सुधारून चालू असतानाच तिच्या जागी नवी टाकली. शेल (आज्ञा पाळणारं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट वाचत वाचत चालवतं, सगळी एकदम वाचून घेत नाही. त्यामुळे मधूनच नवी स्क्रिप्ट वाचली गेली, त्यातल्या एका व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) किंमतच नव्हती, आणि जुन्या लॉग फाइली पुसण्याची आज्ञा लोकांच्या डेटावर चालली. चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळवता आला नाही. बॅकअप हीसुद्धा एक प्रणाली आहे, तिच्याही हातात वस्तरा असतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पण किंग्जचं दुखणं निराळं होतं, आणि ते आमच्या जास्त जवळचं.

आमच्याकडे

किंग्जचा अहवाल दुसऱ्यांदा वाचला त्या आठवड्यात मी सगळ्या व्हीएमची यादी काढली आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायला घेतल्या: मालक कोण, प्रत कुठे, प्रत मूळ स्टोरेजपासून वेगळ्या यंत्रावर आहे का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ किती आले ते इथे लिहीत नाही. पहिला रकानाच भरेना. एका व्हीएमचं नाव होतं ‘टेस्ट-दोन’. मालक म्हणून ज्यांचं नाव होतं ते निवृत्त झालेले. बंद करून टाकावा असं सहकारी म्हणाला. मी नेटवर्कवर दोन दिवस लक्ष ठेवलं, तर रोज संध्याकाळी त्यावर कुणीतरी येत होतं. शोध घेता घेता एका विभागाच्या प्रयोगशाळेत पोचलो. तिथल्या उपकरणाची रोजची मोजमापं सहा वर्षं त्या ‘टेस्ट-दोन’वर जमा होत होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

तिथल्या प्राध्यापकांना मी म्हटलं, “सर, याचा बॅकअप तुमच्याकडे असेल ना?”

ते माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाले, “अहो, तुमच्याकडेच दिलंय ना सगळं? मग झालं.”

त्यांच्या बोलण्यात दोष काढण्यासारखं काहीच नव्हतं. तसंच तर आम्ही त्यांना सांगितलं होतं.

त्यानंतर आम्ही फार मोठं काही केलं नाही, पैसेही नव्हते. अर्जात तो रकाना घातला, मराठीत, साध्या शब्दांत: ‘हा सर्व्हर नाहीसा झाला तर काय अडेल, आणि त्याच्याविना किती दिवस चालेल?’ उत्तरं वाचण्यासारखी येतात. कुणी लिहितं ‘काहीही अडणार नाही’, आणि तेव्हा कळतं की त्याला बॅकअपची जागा द्यायची गरजच नाही. कुणी लिहितं ‘पाच वर्षांचं काम जाईल’, आणि मग त्याच्यासाठी आम्ही जागा शोधतो. जुन्या होस्टमध्ये डिस्का भरून दुसऱ्या इमारतीत एक बॅकअप सर्व्हर बसवला. तो मुद्दाम वेगळ्या बनावटीचा आहे आणि त्याचे पासवर्डही वेगळे आहेत. स्टोरेजवरच्या स्नॅपशॉटला, म्हणजे त्याच यंत्रावर ठेवलेल्या प्रतीला, आम्ही आता बोलण्यातसुद्धा बॅकअप म्हणत नाही. कुणी म्हटलं तर चहाचे पैसे तो देतो. आणि रोजच्या ईमेलच्या विषयात इशारे असतील तर ती ईमेल मला न येता माझ्या वरिष्ठांना जाते. हा बदल त्यांना आवडलेला नाही.

महिन्यातून एकदा यादीतला एक व्हीएम चिठ्ठी टाकून निवडतो आणि तो फक्त दुसऱ्या इमारतीतल्या प्रतीवरून उभा करून बघतो. मूळ यंत्राकडे बघायचंही नाही, ते जळालं असं समजायचं. पहिल्या महिन्यात चिठ्ठी ग्रंथालयाच्या सर्व्हरची निघाली. प्रत होती, पूर्ण होती, रोज ‘यशस्वी’ म्हणून नोंदलेली होती. सर्व्हर उभा राहिला, पण डेटाबेस उघडेना. प्रत रात्री ज्या क्षणी घेतली जायची त्याच क्षणी डेटाबेसचं स्वतःचं आवराआवरीचं काम चालू असायचं, आणि अर्धवट लिहिलेली फाइल दर रात्री इमानदारीने जपून ठेवली जात होती.

वेळ बदलून रात्री दोनऐवजी चारची केली. पुढच्या चिठ्ठीत परीक्षा विभाग निघाला आहे, आणि त्यांचं म्हणणं आहे की निकाल लागेपर्यंत हात लावू नका.